न पाहिलेल्या चित्रपटाची अपकीर्ती

एखाद्या चित्रपटाचे नाव हीच लोकांच्या तोंडची शिवी होऊन बसावी, हे भाग्य, त्याला भाग्य म्हणायचे असेल तर, फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला येते. अमेरिकेत १५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेला ‘इश्तार’ हा विनोदी चित्रपट अशा थोड्यांपैकी एक होय. पुढे कित्येक वर्षे त्या देशात एखादा खर्चिक बेत फसला, की त्याला ‘इश्तार’ची उपमा देण्याची रीतच पडून गेली. गॅरी लार्सन या नामांकित व्यंगचित्रकाराने नरकातील एक व्हिडिओ कॅसेटींचे दुकान चितारले. दुकानाच्या साऱ्या फळ्या एकाच चित्रपटाच्या कॅसेटींनी भरलेल्या होत्या, आणि तो चित्रपट होता ‘इश्तार’. पापी जिवांना अनंतकाळ पुरेल अशी ही शिक्षा पाहून वाचक पोट धरून हसले. पण २००३ साली लार्सन यांच्या समग्र व्यंगचित्रांचा संग्रह निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःच कबूल केले, की ते चित्र काढताना हा चित्रपट त्यांनी पाहिलेलाच नव्हता. काही वर्षांनी विमानप्रवासात तो त्यांच्या पुढ्यात आला, आणि आपली चक्क करमणूक होत आहे हे ध्यानी येऊन ते थक्क झाले. आयुष्यात काढलेल्या असंख्य व्यंगचित्रांपैकी या एकाबद्दल तरी क्षमा मागितलीच पाहिजे, असे त्यांना वाटले.

लार्सन यांनी निदान कबुली दिली. न पाहता निंदा करणारे इतर जे अगणित लोक होते, त्यांनी तेवढेही केले नाही. या चित्रपटाच्या लेखिका आणि दिग्दर्शिका एलेन मे यांनी पुढे एका प्रसंगी जे म्हटले त्याचा आशय असा, की ‘इश्तार’चा तिरस्कार करणाऱ्या सर्वांनी तो खरोखर पाहिला असता, तर आज त्या धनाढ्य झाल्या असत्या. हे वाक्य विनोदी आहे, पण त्याच्या पोटी एका कलावंताचे अर्धे आयुष्य दडलेले आहे. ‘इश्तार’नंतर मेबाईंनी एकही कथाचित्रपट दिग्दर्शित केला नाही. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे पंचावन्न.

या बाई कोण, हे आधी पाहिले पाहिजे. कारण त्यांचे नाव भारतीय प्रेक्षकाच्या ओठांवर कधीच नव्हते, आणि अमेरिकेतही ते ज्यांच्या कानी असायला हवे होते त्यांच्यापैकी कित्येकांच्या कानी नव्हते.

एलेन मे यांचा जन्म २१ एप्रिल १९३२ रोजी फिलाडेल्फिया शहरी झाला. वडील जॅक बर्लिन हे यिडिश भाषेतील नाटके करणारे नट. यिडिश ही पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू लोकांची बोली, आणि तिच्या नाटक मंडळ्या गावोगाव हिंडत. आपल्याकडे बेळगाव, हुबळी, बडोदे, इंदूर अशी मजल दरमजल करणाऱ्या जुन्या नाटक मंडळ्या ज्यांनी पाहिल्या किंवा वाडवडिलांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे बिऱ्हाडपाठीवर जिणे समजावून सांगण्याची गरज नाही. एलेन लहानपणीच वडिलांबरोबर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. वडील लवकर वारले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, सोळाव्या वर्षी विवाह झाला, आणि लवकरच पदरी एक कन्या आली. ही कन्या म्हणजेच पुढे नट म्हणून नाव मिळवणारी जीनी बर्लिन. पुढे बाई शिकागोला गेल्या आणि तेथील विद्यापीठाच्या वर्गांत, नाव न नोंदवताच, जाऊन बसू लागल्या. पदवी नाही, परीक्षा नाही. पण प्राध्यापकांशी वाद घालण्याइतकी बुद्धी आणि धिटाई मात्र होती.

याच शिकागोत त्यांची गाठ माइक निकल्स यांच्याशी पडली. निकल्स यांचा जन्म बर्लिनचा. नाझी राजवटीतून निसटून ते १९३९ साली बालवयातच अमेरिकेत आलेले. १९५५च्या सुमारास ही दोघे ‘कंपास प्लेअर्स’ या मंडळीत काम करू लागली. या मंडळीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यापाशी लिहिलेले नाटक नसे. एखादा प्रसंग ठरवायचा आणि संवाद मंचावर उभे राहून ऐनवेळी रचायचे. तमाशातील बतावणी ज्याने लक्ष देऊन ऐकली असेल त्याला ही कला परकी वाटणार नाही. सरदार आणि सोंगाड्या यांच्यात काय घडणार हे दोघांनाही ठाऊक असते. कोणत्या शब्दांत घडणार हे मात्र त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर अवलंबून असते. बतावणीतला हशा बहुधा शब्दाच्या द्व्यर्थातून येतो. निकल्स आणि मे यांचा हशा माणसाच्या ढोंगातून येई. मुलाने दूरध्वनी केला नाही म्हणून त्याला बोलबोलता अपराधी करून सोडणारी आई, पैसे गिळून बसलेल्या सार्वजनिक दूरध्वनीपुढे हतबल झालेला माणूस, असे त्यांचे विषय. ८ ऑक्टोबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर या दोघांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला आणि त्याने शहर जिंकले. १९६१ साली, यश ऐन भरात असताना, दोघांनी तो थांबवला.

निकल्स दिग्दर्शनाकडे वळले आणि १९६७च्या ‘द ग्रॅज्युएट’ने त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले. मेबाईंची वाट अधिक खडतर होती. १९७१ साली त्यांचा ‘अ न्यू लीफ’ हा पहिला चित्रपट आला. पटकथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे आणि नायिकाही त्याच. अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थेत ही तिन्ही कामे एकाच स्त्रीने करण्याचा हा पहिलाच प्रसंग, असे सांगतात. पैसा संपलेला एक ऐषारामी गृहस्थ श्रीमंत, वेंधळ्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईशी तिचा खून करण्याच्या हेतूने लग्न करतो, ही त्याची कथा. वॉल्टर मॅथाव यांनी तो गृहस्थ रंगवला. बाईंनी तयार केलेली प्रत सुमारे तीन तासांची होती. ‘पॅरामाउंट’ संस्थेने ती त्यांच्या हातून काढून घेतली, खुनांचे उपकथानक कापून टाकले आणि चित्रपट निम्म्याच्या जवळपास आणला. बाईंनी आपले नाव काढून टाकावे म्हणून न्यायालयात दाद मागितली. त्या हरल्या. गंमत अशी, की कापलेला चित्रपटच लोकांना फार आवडला, आणि २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जतन करण्याच्या कृतींत त्याची निवड झाली. लेखिकेला जो चित्रपट आपला वाटत नव्हता त्याचा गौरव व्हावा, आणि जो पुरता आपला होता त्याची विटंबना व्हावी, असा हा योग आहे.

१९७२चा ‘द हार्टब्रेक किड’ हा नील सायमन यांच्या पटकथेवरचा चित्रपट सुखरूप पार पडला. त्यातील कामासाठी जीनी बर्लिन यांचे नाव ऑस्करसाठी सुचवले गेले. त्यानंतरचा ‘मायकी अँड निकी’ मात्र बाईंना भोवला. जॉन कॅसाव्हेटीज आणि पीटर फॉक या दोन नटांना घेऊन १९७३ साली त्यांनी चित्रीकरण आरंभले, आणि ते संपेपर्यंत १४ लक्ष फूट फिल्म खर्ची पडली. ही सलग दाखवायची झाली तर सुमारे २६० तास लागतील. चित्रसंस्थेशी पुन्हा कोर्टकज्जा झाला, मध्येच फिल्मची दोन रिळे गहाळ झाली, आणि चित्रपट डिसेंबर १९७६ मध्ये कसाबसा पडद्यावर आला. आज तो जाणकारांच्या आदराचा विषय आहे. त्या काळी मात्र त्याने बाईंच्या नावापुढे ‘खर्चिक’ आणि ‘हट्टी’ ही दोन विशेषणे कायमची लावली.

या हट्टाची मुळी कोठे आहे हे पाहू गेल्यास शिकागोच्या त्या मंचापाशीच जावे लागते. ऐनवेळी रचलेल्या विनोदात खरा शब्द सापडेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करावा लागतो. आजचा प्रयोग फसला तर उद्याचा आहेच. रंगभूमीवर या शोधाला पैसा पडत नाही. पडतो तो वेळ आणि नटांचा घाम. पण तीच पद्धत कॅमेऱ्यापुढे आणली, की प्रत्येक फेरीला फिल्म जळते, शंभर माणसांचा रोज चढतो आणि हिशेबनीसाच्या कपाळावर आठ्या पडतात. मेबाईंच्या विनोदातील सच्चेपणा आणि त्यांचा बेसुमार खर्च या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. एकीवर लुब्ध व्हायचे आणि दुसरीवर संतापायचे, हे चित्रसंस्थांना सोयीचे असले तरी न्यायाचे नव्हते. अर्थात पैसा परक्याचा असतो, आणि त्याची चाड दिग्दर्शकाने बाळगली पाहिजे, हेही तितकेच खरे. बाईंनी ती पुरेशी बाळगली असे त्यांच्या चाहत्यांनाही म्हणता येणार नाही.

पुढली दहा वर्षे त्यांनी दिग्दर्शन केले नाही. पण लेखणी थांबली नाही. वॉरन बेट्टी यांच्याबरोबर लिहिलेल्या १९७८च्या ‘हेव्हन कॅन वेट’च्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याहून अधिक काम त्यांनी निनावी केले. अडलेली पटकथा आणून द्यावी आणि मेबाईंनी तिची नाडी पाहून औषध द्यावे, अशी जणू वैद्यकीच चालली होती. बेट्टी यांचा ‘रेड्स’ (१९८१) आणि डस्टिन हॉफमन यांचा ‘टूट्सी’ (१९८२) या दोन्ही गाजलेल्या चित्रपटांवर त्यांचा हात फिरला. पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. ‘टूट्सी’तील नायकाचा तो निर्विकार चेहऱ्याचा, वात्रट सोबती ही त्यांचीच भर, असे सांगितले जाते. कृतीवर शेवटपर्यंत आपला ताबा नसेल तर तिच्यावर आपले नावही नको, असा त्यांचा बाणा दिसतो. त्यामुळे पटकथालेखिका म्हणून त्यांचा वारसा मोजायला बसणाऱ्याची मोठी पंचाईत होते. ज्याच्यावर नाव नाही ते काम कोणाच्या खाती मांडायचे?

बेट्टी आणि हॉफमन यांना मात्र हे ऋण ठाऊक होते. बाईंना एकदा मनासारखा चित्रपट करू द्यावा, निर्माता म्हणून पाठीशी आपण उभे राहावे, असे बेट्टी यांनी ठरवले. आणि ‘इश्तार’चा जन्म झाला.

चित्रपटाची कल्पना बिंग क्रॉस्बी आणि बॉब होप यांच्या जुन्या प्रवासपटांवरून सुचलेली. ‘रोड टू मोरोक्को’ (१९४२) हा त्या मालिकेतला विशेष गाजलेला. दोन अमेरिकन भटके परमुलखात जातात, गाणी गातात, संकटात सापडतात आणि एकाच सुंदरीवर भाळतात, असा त्यांचा ठरीव साचा. मेबाईंनी साचा तोच घेतला. पण एक मूलगामी बदल केला. क्रॉस्बींचा आवाज साऱ्या देशाला वेड लावणारा होता. ‘इश्तार’चे दोन नायक मात्र गुणहीन आहेत. लाइल रॉजर्स आईस्क्रीमची गाडी चालवतो, चक क्लार्क खाणावळीत पियानो बडवतो. दोघेही गीते रचतात, चाली लावतात, आणि त्यांतले एकही गीत कानांना सोसत नाही. पण आपण थोर कवी आहोत याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. यमक जुळले की ते लहान मुलासारखे हरखतात. वर्धापनदिन साजरा करायला आलेल्या वृद्ध दांपत्यापुढे चक मृत्युपत्राचे प्रेमगीत गातो, आणि आपण काय गात आहोत हे त्याला कळतही नाही! यमकापायी अर्थाचा बळी देणारे शीघ्रकवी आपल्याकडील संमेलनांतही दुर्मिळ नाहीत. त्यामुळे या दोघांना ओळखायला मराठी प्रेक्षकाला अमेरिकेस जावे लागत नाही.

ही वाईट गीते रचणे मोठे कठीण काम होते. ते पॉल विल्यम्स या कसलेल्या गीतकाराकडे आले. गीत वाईट तर हवे, पण खऱ्या माणसाने मनापासून रचले असेल अशा रीतीने वाईट हवे. मुद्दाम केलेला वेडेपणा प्रेक्षक तेव्हाच ओळखतो. विल्यम्स आणि मे यांनी ही मर्यादा ज्या नाजूकपणे सांभाळली आहे ती पाहता, चित्रपटाचे निंदक ती गाणी ऐकून ‘गाणी वाईट आहेत’ असे लिहीत सुटले, हा बाईंच्या विनोदाचाच विजय म्हणायला हरकत नाही.

पात्रयोजनाही अशीच उलटी. पडद्यावर आणि पडद्याबाहेरही मदनाचा पुतळा म्हणून ख्याती पावलेले बेट्टी येथे स्त्रियांपुढे त-त-प-प करणारे बावळट झाले आहेत, आणि ठेंगण्या हॉफमनना आपण मोठे ललनाजेते आहोत असा गर्व आहे. प्रेक्षक जो बेट्टी पाहायला आला होता तो त्याला मिळाला नाही. काहींच्या रोषाचे मूळ येथेही असावे.

चित्रपटाचा पहिला भाग न्यूयॉर्कमध्ये घडतो आणि तो सर्वांत सरस आहे. घरच्या बायका सोडून गेलेल्या, खिसा रिकामा असलेल्या या दोघांपैकी चक एके दिवशी जीव देण्यासाठी उंच इमारतीच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो. लाइल त्याला वाचवायला कठड्यावर येतो आणि त्याची समजूत घालतो. आपल्या वयाला आपल्या हाती काहीच नाही, हे लाइल नाकारत नाही. उलट, कमी किमतीला जीव विकण्यापेक्षा काहीच न मिळवण्याचे धैर्य तुझ्यात आहे, अशा आशयाचे काही तो बोलतो. वाक्य हास्यास्पद आहे, आणि त्याच वेळी ते गळ्यात आवंढा आणते. दोन सामान्य माणसांची एकमेकांवरील श्रद्धा कोणत्याही गुणवत्तेच्या आधाराशिवाय उभी आहे, हे मेबाई येथे दाखवतात, आणि तिची टिंगल करीत नाहीत. एवढा एक प्रसंग ज्याने लिहिला त्याला वाईट लेखक म्हणणे धाडसाचे आहे.

पुढे एक दलाल त्यांना मोरोक्कोतील हॉटेलात गाण्याचे काम मिळवून देतो. वाटेत ‘इश्तार’ नावाचा काल्पनिक देश लागतो. तेथे अमीर आहे, अमिराविरुद्ध उठलेले बंडखोर आहेत, एक प्राचीन नकाशा आहे आणि अमिराला छुप्या रीतीने टेकू देणारे अमेरिकेचे हेरखाते आहे. एक मित्र न कळत हेरखात्याच्या हाती लागतो, दुसरा बंडखोरांच्या. आणि दोघे एकमेकांपासून ते लपवतात. शेवटी एका आंधळ्या उंटासह दोघांना वाळवंटात मरायला धाडले जाते. शस्त्रांचा चोरटा व्यापार चालू असताना चकला दुभाष्या समजून पुढे ढकलतात, आणि तो जी भाषा येत नाही तीत बेधडक लिलाव चालवतो, तो प्रसंग फार गमतीचा आहे. चार्ल्स ग्रोडिन यांनी रंगवलेला मिठ्ठास हेर तर विसरू म्हणता विसरता येत नाही. परक्या देशाचा इतिहास, भाषा, माणसे यांपैकी काहीही ठाऊक नसताना त्याचे भवितव्य ठरवायला निघालेली सत्ता आणि स्वर ठाऊक नसताना गायला निघालेले हे दोघे गवई यांत बाईंनी फारसा फरक ठेवलेला नाही. चित्रीकरण १९८५ सालचे; अमेरिकन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले. प्रेक्षकांनी हा योग पाहायला हवा होता. पण ते तिकिटाच्या रांगेपर्यंत आलेच नाहीत.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. वाळवंटात पोचल्यावर त्याची गती मंदावते. बंडखोर नायिकेच्या भूमिकेत इझाबेल अजानी यांच्यासारखी समर्थ फ्रेंच नटी असूनही तिला करायला फारसे काही नाही. अमेरिकनांच्या अज्ञानावर बोट ठेवणाऱ्या या चित्रपटात त्या मुलखातील माणसे स्वतः बहुतांशी पार्श्वभूमीचा पडदाच होऊन राहतात. शेवट घाईने आवरलेला आहे. हे दोष खरे आहेत; पण असे दोष शंभर चित्रपटांत असतात आणि ते नरकातील दुकानात जात नाहीत.

मग ‘इश्तार’च तेथे का गेला? त्याचे उत्तर पडद्यावर नसून जमाखर्चाच्या वहीत आहे. ‘कोलंबिया’ ही चित्रसंस्था १९८२ पासून ‘कोका-कोला’ या शीतपेयाच्या कंपनीच्या मालकीची झाली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये मंडळी मोरोक्कोत उतरली, तेव्हा उत्तर आफ्रिकेत वातावरण तापलेले होते. त्याच महिन्यात ट्युनिसवर इस्रायलने बॉम्ब टाकले होते आणि ‘अकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचे अपहरण झाले होते. छायालेखक होते इटलीचे व्हित्तोरिओ स्तोरारो, दोन ऑस्करचे धनी. ते चौकट सुंदर कशी दिसेल हे पाहत. बाई ती हास्यकारक कशी होईल हे पाहत. आणि दोघांचे जमत नसे. वाळूच्या टेकड्या नकोत, सपाट वाळू हवी, म्हणून टेकड्या सपाट करवल्या. उंट हवा म्हणून बाजारभर हिंडले आणि पसंत पडलेल्या पहिल्या उंटासाठी परत गेले तेव्हा व्यापाऱ्याने तो खाऊन टाकला होता, अशा कथा पसरल्या. त्यांत तथ्य किती आणि तिखटमीठ किती, याची शहानिशा कोणी केली नाही, कारण कथा फार चांगल्या होत्या.

१९८६च्या नाताळात यायचा चित्रपट संकलनात अडकून पुढल्या मेवर गेला. खर्च ५ कोटी १० लक्ष डॉलरच्या घरात पोचला. विनोदी चित्रपटाला त्या काळी ही रक्कम अवाच्या सवा होती. अशातच १९८६ साली ‘कोलंबिया’ची सूत्रे डेव्हिड पटनम या इंग्रज निर्मात्याकडे आली. पटनम यांच्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ने बेट्टींच्या ‘रेड्स’ला मागे टाकून सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर पटकावले होते, आणि ‘रेड्स’च्या उधळपट्टीवर त्यांनी जाहीर टीका केली होती. आता त्याच बेट्टींचा चित्रपट त्यांच्या पदरात पडला. त्यांनी त्यापासून हात झटकले. ज्या दुकानाचा मालकच आपल्या मालाकडे पाठ फिरवतो, त्या दुकानात गिऱ्हाईक कसे यावे? खर्चाच्या आणि भांडणांच्या बातम्या चित्रपटाआधी छापून आल्या. १९८०च्या ‘हेव्हन्स गेट’ या महाग आणि अपयशी चित्रपटाच्या नावावरून ‘वॉरन्सगेट’ असे कुत्सित नावही तयार झाले. परीक्षक चित्रगृहात शिरले ते ५ कोटी डॉलर डोळ्यांपुढे ठेवूनच. पहिल्या आठवडाअखेरीस चित्रपटाने ४३ लक्ष डॉलर मिळवून पहिला क्रमांक गाठला, तोही थोडक्यात. मग तो कोसळला. अमेरिकेतील एकूण उत्पन्न १ कोटी ४४ लक्ष डॉलरवर थांबले. वर्षातील वाईट चित्रपटांना देण्यात येणाऱ्या उपहासात्मक पारितोषिकांत ‘सर्वांत वाईट दिग्दर्शका’चे पारितोषिक मेबाईंना मिळाले; वाटेकरी होते सुप्रसिद्ध कादंबरीकार नॉर्मन मेलर.

आता तुलना करावी. ज्या ‘हेव्हन्स गेट’ने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही जुनी चित्रसंस्था डबघाईस आणली, त्याचे दिग्दर्शक मायकेल चिमिनो यांना १९८५ साली पुन्हा चित्रपट मिळाला, आणि १९९६ पर्यंत त्यांनी आणखी तीन केले. १९७९ साली ‘१९४१’ या विनोदी चित्रपटाने परीक्षकांची निराशा केल्यावर स्टीव्हन स्पीलबर्ग यांना दोनच वर्षांत नवा चित्रपट हाती आला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला ‘वन फ्रॉम द हार्ट’ (१९८२) मुळे कर्जात बुडाले, तरी त्यांचे दिग्दर्शन थांबले नाही. पुरुषाचे अपयश ही एका चित्रपटाची गोष्ट ठरली. मेबाईंचे अपयश हा त्यांच्या स्वभावाचा, आणि कित्येकांच्या मते त्यांच्या जातीचाच, पुरावा ठरला. दिग्दर्शक म्हणून त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या चित्रसंस्थांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली एक कमी झाली.

लेखणी मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही. जुने सोबती निकल्स यांच्यासाठी त्यांनी ‘द बर्डकेज’ (१९९६) आणि ‘प्रायमरी कलर्स’ (१९९८) लिहिले. पहिला तिकीटबारीवर धो-धो चालला, दुसऱ्याच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. दोन्हींवर त्यांचे नाव आहे. २०१९ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, ‘द वेव्हर्ली गॅलरी’ या नाटकात स्मृती हरवत चाललेल्या वृद्धेची भूमिका करून त्यांनी अभिनयाचे टोनी पारितोषिक मिळवले. मार्च २०२२ मध्ये त्यांना सन्मानार्थ ऑस्कर देण्यात आले.

‘इश्तार’विषयीचे मतही हळूहळू पालटले. जोनाथन रोझेनबॉम यांच्यासारख्या काही मोजक्या परीक्षकांनी त्याची बाजू पूर्वीपासून घेतली होती. पुढे ‘न्यूयॉर्कर’चे रिचर्ड ब्रॉडी यांनीही त्याचा हिरीरीने पुरस्कार केला. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये मेबाईंच्या उपस्थितीत त्याचा खेळ झाला, आणि २०१३ साली दिग्दर्शिकेने स्वतः सिद्ध केलेली प्रत घरी पाहण्याच्या तबकडीवर निघाली. ‘अ न्यू लीफ’च्या तीन तासांसाठी ज्या बाई न्यायालयात गेल्या, त्यांना आपल्या या बदनाम चित्रपटात अखेर काय बदलावेसे वाटले असेल, याची उत्सुकता जाणकारांना होती. नवी प्रत जुनीपेक्षा सुमारे दोन मिनिटांनी आखूड निघाली.